जिवाणूंचं काँक्रीट सगळ्याच भेगा बुजवत नाही

‘जिवाणूंचं काँक्रीट वापरलं की कितीही मोठी भेग आपोआप भरते’ हा समज बरीच वर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि धोक्याचाही.

नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठात हेंक योंकर्स यांनी विकसित केलेल्या काँक्रीटमध्ये जिवाणूंचे सुप्त बीजाणू आणि त्यांचं खाद्य, म्हणजे कॅल्शियम लॅक्टेट, आधीच मिसळलेलं असतं. भेगेतून पाणी शिरलं की बीजाणू जागे होतात, ते खाद्य पचवतात आणि भेगेच्या कडांवर चुनखडीचे पांढरे कण साचू लागतात. अशी भेग भरते ती साधारण ०.८ मिमीपर्यंतचीच, तीही काही आठवड्यांनी. कोरड्या भेगेत तर जिवाणू जागेच होत नाहीत. खरा फायदा पाणी अडण्याचा, सळया गंजापासून वाचण्याचा. पूर्वीची ताकद परत आली असं धरून चालू नका. पाया खचून रुंदावत चाललेली भेग आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.