कॉस्टिक सोडा पोटात गेला तर आत नेमकं काय होतं

खान्देशातला मे महिना म्हणजे पारा 44-45 वर, माणूस शेतातून आला की हाताला लागेल ती बाटली तोंडाला लावतो, आणि मोरी तुंबली म्हणून आणलेलं कॉस्टिकचं पाणी बऱ्याच घरांत कोल्ड्रिंकच्याच जुन्या बाटलीत भरलेलं असतं. दिसायला पाणीच, वासही नाही. अ‍ॅसिड तोंडात गेल्या गेल्या झोंबतं म्हणून माणूस थुंकतो तरी, इथे मात्र कळेपर्यंत घोट खाली उतरलेला असतो. (कॉस्टिक ही अल्कली, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट गुणाचा पदार्थ. पापडखारही अल्कलीच बरं का, पण कॉस्टिकपेक्षा खूपच सौम्य, त्यामुळे पापडांना घाबरू नका.)

अ‍ॅसिडने मांस जळलं की प्रोटीन गोठून वर कडक खपली धरते आणि ती पुढचं अ‍ॅसिड थोडंफार अडवते. अल्कलीचं तसं नाही. ती पेशींमधल्या चरबीचा चक्क साबण करते, म्हणजे खोबरेल आणि कॉस्टिक घोटून साबण बनवतात तीच रिअ‍ॅक्शन, वर प्रोटीनही विरघळवते, मग अडवायला काही उरतच नाही आणि ती थरामागून थर खाली उतरत राहते. पीएच (आंबट-खारेपणाचं माप, साध्या पाण्याचा 7) 12 च्या आसपास किंवा वर असेल तर हे काही सेकंदांत सुरू होतं, आणि अन्ननलिकेची भिंत असते जेमतेम काही मिलिमीटर जाड.

अशा वेळी घरात हमखास कोणीतरी म्हणतं, "त्याले लिंबू पाजा, होई जाई बरं." अजिबात नको! अल्कलीत आंबट मिसळलं की उष्णता निघते. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं तर त्याहून वाईट, कारण जळलेल्या नळीतून तेच पाणी परत वर येतं. तोंड धुवा, चूळ भरून थुंकायला लावा, बाकी पोटात काही ढकलू नका, 108 ला फोन करा आणि ती बाटली सोबत घ्या. आवाज बसला, लाळ गळायला लागली, श्वास घेताना घरघर आली तर घशाला सूज चढतेय, एक मिनिटही थांबू नका. धडगाव-अक्कलकुव्याकडून घाट उतरून नंदुरबार गाठायलाच किती वेळ जातो ते तिकडच्यांना सांगायला नको.

तोंडात काही दिसत नाही म्हणून आत ठीक असेल असं धरू नका, दोन्हींचा मेळ बसतोच असं नाही. म्हणून शक्यतो पहिल्या 24 तासांत एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतली तपासणी करतात, आणि जखम किती खोल ते ठरवायला जगभर जी झरगर ग्रेडिंग वापरतात ती 1991 साली आपल्या चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी मांडली.

फसवणूक होते ती पुढे. आठ-दहा दिवसांत दुखणं कमी होतं, पेशंट वरणभात खायला लागतो, घरच्यांना वाटतं सुटलो, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यापासून आतला व्रण आकसायला लागतो, आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, शेवटी पाणीसुद्धा. मग एंडोस्कोपीतून फुगा घालून नळी रुंद करायची, काही आठवड्यांनी परत, कित्येकांना महिनोन्‌महिने. शिवाय अशा अन्ननलिकेत पुढे काही दशकांनी कॅन्सरचा धोका बराच वाढलेला असतो, त्यामुळे लहानपणी असं झालेल्या माणसाला चाळिशीत घास अडकायला लागला तर डॉक्टरला ती जुनी गोष्ट आधी सांगायची.