पंचांगात लिहिलेली वीज

सोलापूरहून समुद्र बघायला निघालं की अख्खं पठार ओलांडून सह्याद्री उतरावा लागतो. पण त्या समुद्राला भरती कधी येणार, याचा हिशेब आमच्या देवघराशेजारी खिळ्याला अडकवलेला असतो. दाते पंचांग शंभर वर्षांहून अधिक काळ याच गावातून निघतंय.

कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आडाखा असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. षष्ठी असेल तर सहाचे पाऊणपट साडेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी साडेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण 50 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. आडाख्यात अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो खरा, पण शास्त्रज्ञांची भरतीची कोष्टकं काही मिनिटांपर्यंत अचूक असतात, तीही वर्षानुवर्षं आधी.

समुद्राच्या, म्हणजे भरती-ओहोटीपासून काढलेल्या विजेचं मला सर्वात मोठं मोल वाटतं ते इथे. आमच्या घरी यंत्रमाग होते. भारनियमन ठरल्या वेळी असलं की वडील त्या तासात जेवणाची सुट्टी देत, कांड्या भरून घेत. न सांगता वीज गेली की मात्र माग पुन्हा सुरू होताना कापडावर आडवी रेघ उमटे आणि तो टॉवेल दुय्यम मालात जाई. वीज कमी असण्यापेक्षा ती कधी असेल हे न कळणं जास्त महाग पडतं. वारा आणि ढग आधी सांगून येत नाहीत. चंद्र येतो.

ही वीज काढायच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली आपल्या उजनीसारखी: खाडीच्या तोंडाशी बांध घालायचा, भरतीचं पाणी अडवायचं आणि टर्बाइनमधून सोडायचं. उजनी पावसाची वर्षभर वाट बघते, खाडी दिवसातून दोनदा भरते. फ्रान्समधलं ला राँस केंद्र 1966 पासून असं चालतंय, 240 मेगावॉटचं. उजनीच्या पायथ्याचं केंद्र 12 मेगावॉटचं आहे. दक्षिण कोरियात सिह्वा इथे 2011 मध्ये 254 मेगावॉटचं केंद्र सुरू झालं. पण बांधाची किंमत निसर्ग मोजतो. ला राँसचं बांधकाम चालू असताना खाडी समुद्रापासून तुटली आणि तिथली जीवसृष्टी मोठ्या प्रमाणात मेली. ती सावरायला अनेक वर्षं लागली.

दुसरी वाट मला जास्त पटते. बांध नाही, वाहत्या प्रवाहातच पाती फिरवायची. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन, त्यामुळे पवनचक्कीपेक्षा लहान पाती पुरतात. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, म्हणून जागा निवडताना अरुंद सामुद्रधुनी शोधतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला पेंटलंड फर्थमध्ये समुद्रतळावर प्रत्येकी दीड मेगावॉटची चार टर्बाइन बसवली आहेत. याच आठपटीच्या नियमामुळे अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी सर्वात कमी असते तेव्हा, वीज पार रोडावते आणि पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला उसळते.

आपल्याकडे खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक 11 मीटरपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ तीन-चार मजले. तरीही भारतात असं एकही व्यापारी केंद्र उभं नाही. सुंदरबनातला 3.75 मेगावॉटचा प्रकल्प खर्चामुळे बारगळला, कच्छच्या आखातातला 50 मेगावॉटचाही पुढे गेला नाही. खारं पाणी लोखंड खातं, शेवाळ आणि शिंपले पात्यांना चिकटतात, आणि दुरुस्तीला माणूस पाठवायचा तर प्रवाह थांबण्याची वाट बघावी लागते. खंबायतचं पाणी तर गाळाने गढूळ. स्वस्त सौर विजेपुढे हा खर्च आज टिकत नाही, हे मान्य करूनच पुढचं संशोधन व्हायला हवं. आणि ते व्हावंच, कारण सौर वीज संध्याकाळी मावळते.

संकष्टी चतुर्थीचं उदाहरण घ्या. चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे कोकणात दुपारी तीनला भरती, रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. मधल्या वेळी, साधारण सहाला, ओहोटीचा प्रवाह सर्वात जोरात. नेमकी तेव्हा सोलापुरातल्या गच्च्यांवरची सौर पॅनेल निजायला लागलेली असतात. नऊच्या आसपास प्रवाह थांबतो. त्याच सुमारास इकडे आई पंचांगात चंद्रोदयाची वेळ बघते आणि नैवेद्याचं ताट वाढायला घेते.