हसऱ्या मुखवट्याआडचा ताप

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये डिस्नेलँडचं दार पहिल्यांदा उघडलं, तेव्हा पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नुकतंच घातलेलं डांबर इतकं मऊ पडलं होतं, की बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतत होत्या. त्या उन्हात मिकी, मिनी आणि मंडळी पाहुण्यांचं स्वागत करत फिरत होती. त्यांच्या अंगावरचे पोशाख ‘आइस कपेड्स’ नावाच्या स्केटिंगच्या शोकडून उसने आणलेले होते. बर्फावर घालायचे कपडे, आणि ते जुलैच्या दुपारी डांबरावर! फोटोंमध्ये सगळे हसतायत. हसणारच, चेहरे तसेच बनवलेले होते.

तेव्हापासून पोशाख बरेच सुधारले. अमेरिकेतल्या बेसबॉल-बास्केटबॉल संघांचे मॅस्कॉट, म्हणजे पात्राचा अख्खा पोशाख घालून नाचणारे शुभंकर, आले. जपानमध्ये तर प्रांतांनी आणि गावांनी आपापली पात्रं काढली. कुमामोतो प्रांताचं लालचुटुक गालांचं काळं अस्वल ‘कुमामोन’ हे त्यातलं सगळ्यांत गाजलेलं. २०११ मध्ये क्यूशू बेटावरचा बुलेट ट्रेनचा मार्ग पूर्ण व्हायचा होता, त्याच्या जाहिरातीसाठी ते २०१० मध्ये आलं आणि पुढे ट्रेनपेक्षाही प्रसिद्ध झालं. आपल्याकडे पुण्यात २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा ‘जिगर’ नावाचा वाघ शुभंकर होता. शिवाय गल्लोगल्ली वाढदिवसाला येणारा मिकी माऊस आहेच. बहुतेक वेळा तो इव्हेंटवाल्याकडे काम करणारा कॉलेजातला पोरगा असतो. ह्या सगळ्यांच्या बजेटात जमीन-अस्मानाचा फरक असेल, पण पोशाखाच्या आत सगळ्यांना भौतिकशास्त्राचा नियम एकच.

हिशेब सोपा आहे. आपण नुसते बसलेलो असतो तेव्हासुद्धा शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करत असतं. हात हलवत, उड्या मारत, मुलांना टाळ्या देत नाचायला लागलं की हा आकडा सहज ४०० वॅटवर जातो. ७० किलो वजनाच्या माणसाचं तापमान एका अंशाने वाढायला सुमारे २४५ किलोज्यूल उष्णता लागते. आता समजा, ही सगळी उष्णता आतच कोंडली, बाहेर जायला वाटच नाही. तर दहा मिनिटांत तापमान एक अंश वाढेल. ३७ वरून ४० अंशांवर जायला अर्धा तास पुरेल. आणि ४० अंशांच्या पुढे उष्माघाताचा प्रदेश सुरू होतो.

प्रत्यक्षात थोडी उष्णता बाहेर पडतेच, त्यामुळे गाडी इतकी सुसाट जात नाही. पण मॅस्कॉटला एका वेळी वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, हा अनुभवी लोकांचा दंडक कुठून आला ते ह्या हिशेबावरून कळतं. कलाकाराच्या दमसासाशी त्याचा फारसा संबंध नाही. शरीरात उष्णता साठवायला जागाच तेवढी आहे.

एरवी ही उष्णता जाते कुठे? थोडी त्वचेवरून हवेत जाते आणि बाकीची घामाच्या वाटेने. घाम हे विलक्षण प्रभावी साधन आहे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. म्हणजे ताशी एक लिटर घाम वाळवू शकणारा माणूस साडेसहाशे वॅटहून जास्त उष्णता बाहेर टाकतो. नाचणाऱ्याची ४०० वॅट त्यात आरामात बसतात. अट एकच: घाम वाळला पाहिजे. ठिबकून पायमोज्यांत जमा झालेल्या घामाचा काडीचा उपयोग नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ गेलं आणि गारवा मात्र मिळाला नाही, असा तो आतबट्ट्याचा व्यवहार होतो.

पोशाख नेमका इथे आडवा येतो. बाहेरून खोट्या लोकरीचं कापड, त्याखाली पोटाला-पाठीला गोलाई देणारा फोम. दोन्हींत हवा अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णता फार हळू पुढे सरकवते. कपड्यांचा उबदारपणा मोजायला ‘क्लो’ नावाचं एकक आहे. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या शरीरशास्त्रज्ञांनी ते ठरवलं. २१ अंशांच्या खोलीत निवांत बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल एवढा कपडा, साधारण एक सूट, म्हणजे एक क्लो. ढोबळ अडाखा असा, की कपड्याच्या दर सेंटिमीटर जाडीला सुमारे दीड क्लो धरायचे. त्या मापाने दोन-अडीच सेंटिमीटर फोमचं अस्वल तीन-चार क्लोंवर जातं, म्हणजे ध्रुवप्रदेशातल्या कोटाच्या पंक्तीत.

वाफेचं दुखणं तर याहून वाईट. घाम त्वचेवरून वाळला तरी वाफ फोमच्या पलीकडे फारशी जात नाही. कापडाच्या गार भागाशी पोचली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि वाळताना घेतलेली उष्णता ती तिथेच, पोशाखातच, परत सोडते. पोशाख ओला होतो, जड होतो. कलाकार बाहेर येऊन पाणी पितो, दम खातो आणि दुसऱ्या फेरीला तोच ओलसर पोशाख पुन्हा चढवतो. ह्या वेळी आतली हवा पहिल्या मिनिटापासूनच दमट असते, आणि शरीरही पूर्ण निवलेलं नसतं. म्हणून दिवसातली तिसरी-चौथी फेरी पहिलीपेक्षा धोक्याची. फेऱ्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या किती जणांच्या हे लक्षात असतं, मला शंका आहे.

आता आपल्या हवामानाचं पाहू. मे महिन्यात नागपूर ४४ अंश आणि कोरडं, मुंबई ३३-३४ अंश आणि चिकट. उघड्या अंगाच्या माणसाला नागपुरात निदान घाम वाळण्याची सोय आहे. मॅस्कॉटला ती नाही. पोशाखाच्या आत काही मिनिटांत प्रत्येकाची खासगी मुंबई तयार होते, मग बाहेर विदर्भ असो की कोकण. काम करणाऱ्यांना उष्णता किती बाधेल हे ठरवायला जगभर ‘डब्ल्यूबीजीटी’ हा निर्देशांक वापरतात. त्यात तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा एकत्र धरलेले असतात. अंगावर वाफ अडवणारा बंद पोशाख असेल तर ह्या निर्देशांकात आणखी सुमारे ११ अंश मिळवायचे, असा औद्योगिक आरोग्यशास्त्राचा ठोकताळा आहे. तो रासायनिक कारखान्यांतल्या कामगारांसाठी केलेला. लोकर आणि फोम प्लॅस्टिकइतकी वाफ अडवत नाहीत, त्यामुळे अस्वलाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण दिशा तीच.

आपल्या लोककलांनी ह्यातून पूर्वीच वाट काढलेली दिसते. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा ह्या सोंगांच्या उत्सवात जड मुखवटे घालून नाचतात, पण रात्री. आणि मुखवटा तोंडापुरता, बाकी शरीराला वारा मोकळा.

उपाय काय? डोक्यात बसवलेला छोटा पंखा बरा वाटतो. तो आतली दमट हवा बाहेर फेकत असेल तर कामाचा, आतल्या आतच फिरवत असेल तर नुसता आवाज. बर्फाच्या किंवा मेणासारखा पदार्थ भरलेल्या जाकिटांचा उपयोग होतो, कारण वितळताना तो पदार्थ उष्णता शोषतो; पण सगळा वितळला की ते जाकीट म्हणजे फक्त जादा वजन. पाण्यात भिजवून घालायची जाकिटं मात्र बंद पोशाखात जवळपास निरुपयोगी, कारण तीही वाळण्यावरच चालतात. मला सगळ्यांत हुशारीचा वाटतो तो हवा भरून फुगवलेला पोशाख. पंखा बाहेरची हवा सतत आत ढकलतो, ती अंगावरून वाहत शिवणींतून बाहेर पडते. फोम नाही आणि वजनही कमी. बॅटरी संपली की सगळ्यांसमोर अस्वलाचं धिरडं होतं, एवढाच तोटा.

इथवरचं संकट निदान मोजता तरी येतं. पुढचं मोजायला अवघड आहे, कारण ते पाहणाऱ्याच्या डोक्यात घडतं.

मॅस्कॉटचा चेहरा फायबरचा किंवा फोमचा, एकदा केला की कायमचा. तरीही आपल्याला तो लाजलेला, रुसलेला, आनंदलेला दिसतो. ह्यामागे एक साधी भूमिती आहे. गोल चेहऱ्यावर तोंडाची रेघ मध्यभागी पुढे आलेली असते आणि तिची टोकं गालांकडे मागे गेलेली. मुंडी खाली घातली की पुढचा मध्यभाग जास्त खाली जातो, टोकं वर राहतात, आणि समोरच्याला हसू रुंदावलेलं दिसतं. मुंडी मागे टाकली की उलट. जपानी नोह नाटकातल्या लाकडी मुखवट्यांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेच तपासलं होतं: मुखवटा तोच, कोन बदलला की लोकांना दिसणारा भाव बदलतो. मुरलेला कलाकार आरशासमोर हे कोन पाठ करतो. उरलेलं काम चाल करते. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवलं, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर लावलेले दहा-बारा दिवे हलताना दिसले, तरी पाहणारा क्षणार्धात ‘कोणीतरी चालतंय’ म्हणून ओळखतो. एवढ्या तुटपुंज्या खुणांवर आपला मेंदू जिवंतपणा बहाल करतो, मग अख्खं अस्वल कंबर हलवत आलं तर काय होईल!

लहान मुलांचं तर विचारूच नका. १९६९ मध्ये रेटा डेव्रीज ह्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर होतं. मुलांनी त्याला आधी कुरवाळलं. मग त्याला कुत्र्याचा हुबेहूब मुखवटा चढवला. चढवताना मांजराचा मागचा भाग मुलांच्या नजरेसमोरच ठेवला होता. तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या मते आता ते कुत्रं झालं होतं. सहा वर्षांच्या मुलांना मात्र पक्कं माहीत होतं, की मांजर ते मांजरच. म्हणून दोन-तीन वर्षांचं मूल मॅस्कॉट पाहून भोकाड पसरतं तेव्हा ‘अरे, आत दादा आहे’ ही समजूत कुचकामी ठरते. त्याच्या लेखी तिथे दादा नाहीच, सहा फुटी उंदीर आहे.

हा भ्रम टिकावा म्हणूनच नियम असतात. बोलायचं नाही. लोकांसमोर डोकं काढायचं नाही. आतून बाहेर पाहायची जागा म्हणजे तोंडातली किंवा डोळ्यांतली काळी जाळी. खिडकीच्या मच्छरजाळीतून दिवसा घरातून बाहेरचं दिसतं आणि बाहेरून आतलं दिसत नाही, तसंच हे. आत अंधार, बाहेर उजेड. कलाकाराला समोरचा चिंचोळा पट्टा दिसतो. गुडघ्याशी बिलगलेलं पोर दिसत नाही, पायरीही दिसत नाही.

आणि त्या जाळीतून कोणालाच आतला चेहरा दिसत नाही, ही माझ्या मते पोशाखातली सगळ्यांत धोकादायक गोष्ट. उष्माघाताचा पहिला घाव बहुधा मेंदूवर पडतो. माणूस गोंधळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो, तोल जातो. मैदानावर धावणाऱ्या खेळाडूचं असं झालं तर सोबत्यांना त्याच्या चेहऱ्यावरून, बोलण्यावरून कळतं. मॅस्कॉटचा चेहरा हसराच असतो आणि बोलायला त्याला बंदी असते. तो झोकांड्या खायला लागला तर लोक टाळ्या वाजवतात, कारण विदूषकी चाल हा त्याचा धंदाच. स्वतः कलाकाराने सांगावं म्हटलं, तर ज्या मेंदूने ‘आता पुरे’ म्हणायचं तोच भलतीकडे गेलेला असतो.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या व्यावसायिक संघांच्या ४८ मॅस्कॉटची पाहणी केली होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना कधी ना कधी उष्णतेचा आजार झालेला होता. जुलै २०१९ मध्ये जपानच्या ओसाका प्रांतातल्या हिराकाता पार्कमध्ये २८ वर्षांचा एक कलाकार उष्माघाताने गेला. सूर्य मावळला होता, प्रेक्षकांसमोरचा खेळही नव्हता. सुमारे १६ किलोच्या पोशाखात वीसेक मिनिटांचा नाचाचा सराव झाला होता. ऊन नव्हतं म्हणून धोका नव्हता असं ज्यांना वाटतं, त्यांनी वरचा ४०० वॅटचा हिशेब पुन्हा पाहावा. तापवणारी भट्टी माणसाच्या आतच असते.

म्हणून मोठ्या पार्कांमध्ये मॅस्कॉट एकटा फिरत नाही. बरोबर एक हँडलर असतो. लोकांना वाटतं तो रांग लावायला आणि फोटो काढायला आहे. खरं तर कलाकाराचा चेहरा, वाचा आणि घड्याळ ही तिन्ही कामं त्याच्याकडे असतात. आधी ठरवलेल्या हाताच्या खुणा असतात. खुणेला उत्तर आलं नाही, किंवा चुकीचं आलं, की फेरी संपली. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या मिकीला असा सोबती क्वचितच मिळतो. तो हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर टेकला तर यजमान केकचा फोटो राहिला म्हणून त्याला उठवतात.

तशी वेळ आलीच तर क्रम ठरलेला आहे. डोकं आधी काढायचं, समोर शंभर मुलं असली तरी. मग पोशाखाचं धड. माणूस शुद्धीवर नीट असेल, तर सावली, पाणी, पंखा आणि कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवलेले हात यांनी भागतं. गोंधळलेला असेल, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत त्याला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, डोकं पाण्याबाहेर धरून ठेवायचं, त्याच्यापासून हलायचं नाही. टब नसेल तर बर्फाच्या पाण्यात पिळलेले टॉवेल सर्वांगावर, तेही भराभर बदलत, आणि अंगावर पाण्याच्या बादल्या. अशा अवस्थेत तोंडाने पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आधी गार करा, मग हलवा, असं क्रीडावैद्यक सांगतं, कारण पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरला तर बहुतेक जण वाचतात.