इन्शुलिन बाथरूममध्येच का टोचायचं?

मागच्या महिन्यात दादरला एका लग्नात पंगतीआधी माझी मावशी पर्स घेऊन बाथरूमकडे गेली. इन्शुलिन टोचायला. परत आली ती पर्सचा ओला तळ रुमालाने पुसत. "कोणी बघितलं तर म्हणतील, हिचं आता सुईवर आलं."

सुईवर येणं म्हणजे आजार शेवटच्या टप्प्याला गेला, असं आपल्याकडे सर्रास मानतात. सुई कशासाठी? इन्शुलिन हे 51 अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. गोळी करून गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखं पचून जाईल. टाइप 1 मधुमेहाच्या मुलांना तर ते पहिल्या दिवसापासून लागतं, कारण त्यांची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवर उलटलेली असते. तरी लोक आईलाच विचारणार, "चॉकलेटं फार द्यायचात का?"

मावशीचा टाइप 2. त्यातला माझा लाडका विषय म्हणजे ग्लुट-4. रक्तातली साखर स्नायूच्या पेशीत घेणारी ही प्रथिनं एरवी पेशीच्या आत इवल्या पिशव्यांत पडून असतात. इन्शुलिन पेशीवरच्या ग्राहीला चिकटलं की आत निरोपांची साखळी सुरू होते, पिशव्या आवरणाला येऊन मिळतात आणि साखरेला वाट मिळते. टाइप 2 मध्ये हा निरोपच क्षीण होतो. पण स्नायू आकुंचन पावला की पेशीत कॅल्शियम वाढतं, ऊर्जा खर्ची पडून एएमपीके नावाचं विकर जागं होतं, आणि ग्लुट-4 इन्शुलिनच्या निरोपाशिवायच वर येतं! ही दुसरी वाट टाइप 2 मध्येही बरीचशी शाबूत असते. जेवल्यावर शिवाजी पार्कला फेरी मारणाऱ्यांच्या पोटऱ्यांत हेच चाललेलं असतं. लोकलच्या डब्यात 'मधुमेह मुळापासून बरा' अशा चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या चूर्णवाल्यांना मात्र यात विकण्यासारखं काही सापडत नाही.

तर, मावशी टोचून आली आणि फोटोंपायी पंगत अर्धा तास लांबली. जेवणाआधीचं इन्शुलिन फोटोग्राफरसाठी थांबत नाही, पोट रिकामं असलं तरी रक्तातली साखर उतरवत राहतं. एसी हॉलमध्ये तिच्या कपाळावर घाम, हात थरथरायला लागलेले. शेजारणीने विचारलं तर म्हणाली, "उकडतंय गं." ग्लुकोजची पूड पर्समध्येच होती, पण ती चारचौघांत काढायची कशी? शेवटी पान वाढल्यावर तिने आधी जिलेबी तोंडात टाकली. त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो, पूड बरी पडली असती.

समोरच्या काकू म्हणाल्या, "डायबेटिस ना तुला? मग जिलेबी कसली खातेस?"