साठ बाय चाळीसचा हॉल आणि गोल टेबलं

लग्नाचा हॉल बघायला गेलं की मॅनेजर बिनधास्त सांगतो, "साठ बाय चाळीस आहे. पस्तीस राउंड टेबलं आरामात बसतात." हा आकडा त्याने हवेतून काढलेला नसतो. पाच फुटी टेबल आणि दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मिळून साधारण आठ फूट होतात. आठ आठे चौसष्ट. हॉल २४०० चौरस फुटांचा, त्याला ६४ने भागलं की साडेसदतीस. अडीच टेबलं त्याने वर सोडलेली असतात, म्हणजे माणूस सावधच म्हणायचा.

तरीही त्या हॉलमध्ये पस्तीस टेबलं बसत नाहीत.

आधी टेबलाचं माप नीट घेऊ. पाच फूट व्यासाच्या टेबलाचा परीघ १५.७ फूट. आठ माणसं बसवली तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास दोन फूट येतात. शालू सांभाळत बसायचं तर यापेक्षा कमी नको. खुर्चीत माणूस बसला की टेबलाच्या कडेपासून मागे दीड फूट जागा लागते, दोन्हीकडची धरून तीन. झाले आठ फूट. पण दोन टेबलांच्या खुर्च्या पाठीला पाठ लागल्या तर वाढपी जाणार कुठून? त्याला दोन फुटांची वाट हवी. ती वाट शेजारच्या दोन टेबलांनी निम्मी निम्मी वाटून घेतली की प्रत्येक टेबल दहा फूट व्यासाचं वर्तुळ होतं. जमिनीवर मांडायची आहेत ती ही वर्तुळं.

सरळ रांगा लावल्या तर साठ फुटांत सहा, चाळीस फुटांत चार, एकूण चोवीस. वर्तुळं एकमेकांना टेकलेली, भिंतींनाही टेकलेली. तरी फक्त ७८.५ टक्के जमीन व्यापली जाते. उरलेली ५१५ चौरस फूट जागा चार टेबलांच्या मधल्या टोकदार खाचांत आणि भिंतींच्या कडेला विखुरलेली असते. एकत्र केली तर सहा टेबलांची होईल, पण एकत्र करणार कशी? क्षेत्रफळाचा भागाकार नेमका इथेच फसतो.

मग दाटीवाटीची मांडणी कुठली, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. कॅरमचा डाव मांडताना आपण मधे राणी ठेवतो, तिला टेकून सहा सोंगट्या, त्यांच्याभोवती बारा. एकोणीस सोंगट्या घट्ट बसतात, कारण प्रत्येक रांग आधीच्या रांगेच्या खाचांत सरकलेली असते. टेबलं अशी मांडली तर शेजारच्या तीन टेबलांचे मध्यबिंदू समभुज त्रिकोण करतात, आणि दोन रांगांमधलं अंतर दहा फुटांवरून ८.६६ फुटांवर येतं. जमीन भरते ९०.७ टक्के. ठरावीक नक्षीत पुनःपुन्हा येणाऱ्या मांडण्यांमध्ये हीच सर्वांत दाट, हे गणितज्ञ लाग्रांज यांच्या १७७३ मधल्या कामातून निघतं. कसल्याही वेड्यावाकड्या मांडणीने तिला हरवता येत नाही, हे सिद्ध करण्याचा मान नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल थू यांना दिला जातो. त्यांच्या सिद्धतेतल्या उणिवा हंगेरीच्या लास्लो फेयेश तोथ यांनी १९४०च्या दशकात भरून काढल्या. कॅरम खेळणाऱ्या पोराला जे बोटांना कळतं, त्याच्या सिद्धतेला एवढा काळ लागला.

तर आता हॉलमध्ये कॅरमची मांडणी लावू. पहिल्या रांगेत सहा टेबलं. दुसरी रांग पाच फूट सरकलेली, त्यामुळे तिच्यात पाचच मावतात. तिसरीत सहा, चौथीत पाच. चार रांगांना लागतात ३६ फूट; उरलेल्या चार फुटांत पाचवी रांग येत नाही. एकूण बावीस. जगातली सर्वांत दाट मांडणी आपल्या हॉलमध्ये दोन टेबलांनी हरली!

सिद्धांत चुकला नाही. तो भिंती नसलेल्या, अमर्याद जमिनीचा आहे. भिंत आली की सरकलेल्या रांगेच्या दोन्ही टोकांना अर्ध्या टेबलाची जागा वाया जाते, आणि शेवटी उरणारी पट्टी किती रुंद आहे यावर सगळं ठरतं. हॉल फक्त पाच फूट लांब आणि पाच फूट रुंद वाढवून बघा. पासष्ट बाय पंचेचाळीसमध्ये सरळ रांगांनी पुन्हा चोवीसच बसतात. सरकलेल्या रांगांत मात्र प्रत्येकीत सहा मावतात आणि पाच रांगा होतात, म्हणजे तीस. अठ्ठेचाळीस पाहुणे जास्त.

खोली मोठी होत जाते तसा भिंतींचा जोर कमी होतो. चौरस खोलीची बाजू सहा टेबलांइतकी असेल तर सरळ रांगांत ३६ आणि सरकलेल्या रांगांत ३३ बसतात. आठ टेबलांइतकी असेल तर ६४ विरुद्ध ६८. दहाची गंमत आणखी वेगळी. सरळ रांगांत १००, सरकलेल्या अकरा रांगांत १०५, आणि तरी एका टेबलाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पट्टी उरते. मग पहिल्या दोन रांगा सरळ एकामागे एक, शेवटच्या दोनही तशाच, मधल्या सरकलेल्या ठेवायच्या. पट्टी जवळजवळ सगळी खपते आणि १०६ बसतात. दोन्ही रीतींची खिचडीच इथे सरस ठरते. सात बाय सातमध्ये सरळ रांगांनी ४९ बसतात, सरकलेल्या रांगांनी ४६च. पण किंचित वेडीवाकडी मांडणी केली तर तीच ४९ थोड्या लहान चौरसातही मावतात, हे संगणकाच्या मदतीने सापडलं आहे.

आपल्या हॉलमध्ये चार फुटी, सहा माणसांची टेबलं घेतली तर? वर्तुळ नऊ फुटांचं होतं. सरळ रांगांनी तरीही चोवीसच. सरकलेल्या सहा-सहाच्या पाच रांगांना ४०.१८ फूट लागतात. दोन इंच कमी पडले! पण लांबीच्या बाजूला दीड फूट मोकळा आहे. प्रत्येक रांगेतली टेबलं एकमेकांपासून सव्वातीन इंच दूर सारली की खाचा रुंदावतात, मागची रांग जास्त आत शिरते आणि पाच रांगा ३९.८६ फुटांत बसतात. तीस टेबलं. मॅनेजर खूश होईल, पण तीस सक एकशेऐंशी. मोठी चोवीस टेबलं एकशेब्याण्णव माणसं बसवतात. टेबलं मोजायची की पाहुणे, हे आधी ठरलेलं बरं.

आणि या सगळ्यात स्टेज राहिलंच. त्याला बारा फूट दिले की हॉल उरतो अठ्ठेचाळीस बाय चाळीस. सरळ रांगांत चार चोक सोळा. आता रांगा चाळीस फुटांच्या बाजूने लावून सरकवायच्या : चार, तीन, चार, तीन, चार. अठरा टेबलं, एकशेचव्वेचाळीस माणसं. स्टेज येताच बाजी पालटली. तिनाच्या रांगांच्या टोकांना भिंतीलगत ज्या पाचपाच फुटी खाचा उरतात, तिथे उभे कूलर लावता येतात. रांगांच्या शेवटी सव्वातीन फुटांची पट्टीही उरते. आहेर लिहून घेणाऱ्या काकांचं टेबल तिथे ठेवता येईल. ते चौकोनी असतं, भिंतीला चिकटून बसतं.