हॅलोवीन कार्यालयात कसा पोहोचला

अमेरिकेतल्या निवासी वस्त्यांमध्ये ३१ ऑक्टोबरला, हॅलोवीनच्या संध्याकाळी, मुले वेष करून घरोघर खाऊ मागत फिरतात आणि तेव्हा एक अलिखित नियम पाळला जातो. ज्या घराच्या दारावरचा दिवा लागलेला असेल, त्याच घराची घंटा मुलांनी वाजवायची. दिवा बंद असेल तर पुढच्या दाराकडे वळायचे. तो का बंद आहे, हे कोणी विचारत नाही. घरात कोणी आजारी असेल, खाऊ संपला असेल किंवा त्या कुटुंबाला हा सण मान्यच नसेल. कार्यालयात हॅलोवीन साजरा करताना कोणी दुखावले जाऊ नये, कोणी वगळले जाऊ नये, यासाठी काय करावे, ही चर्चा आता तिथे दर ऑक्टोबरात होते. मला तिचे मूळ या दिव्यापाशी दिसते. घराच्या दारावरचा दिवा ज्याच्या त्याच्या हातात असतो. कार्यालयात मात्र सगळे एकाच छताखाली बसतात आणि दिवा कोणाच्या हातात आहे हे स्पष्ट नसते.

हा सण मुळापासूनच दार ठोठावण्याचा आहे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधल्या केल्टिक लोकांचा ‘साऊइन’ हा सण हिवाळ्याच्या तोंडावर येत असे. पीक घरात आलेले, गुरे उन्हाळी कुरणांतून खाली आणलेली आणि पुढे अंधाराचे महिने, अशा सांध्यावर मेलेल्यांना आपल्या घरी परतण्याची वाट मोकळी होते, अशी समजूत होती. सर्वपित्री अमावास्या पाळणाऱ्यांना ती परकी वाटू नये. नवव्या शतकात पश्चिम युरोपातल्या चर्चने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस ठरवला आणि पुढच्या दोनशे वर्षांत फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठापासून २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करण्याची प्रथा पसरली. वसईत आणि गोव्यात त्या दिवशी कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजतात, ती याच परंपरेची शाखा. ‘हॅलोवीन’ या शब्दाचा अर्थही संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या एवढाच आहे. केल्टिक सणातले नेमके किती या पूर्वसंध्येत उतरले, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. इंग्लंडमध्ये गोरगरीब घरोघर जाऊन त्या घरातल्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि बदल्यात त्यांना छोटा गोड पाव मिळे, स्कॉटलंडमध्ये वेष पालटलेली मुले गाणे किंवा कविता म्हणून खाऊ मिळवत, हे मात्र नोंदलेले आहे. मागणारा काही देत असे आणि देणारा राजीखुशीने दार उघडत असे.

१८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगाने आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांतल्या बहुसंख्य लोकांनी अमेरिका गाठली आणि सोबत हा सण नेला. मायदेशी ते सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. अमेरिकेत त्यांना लाल भोपळा मिळाला. सलगमचा गर घट्ट असतो, तो खरवडता खरवडता मनगट दुखते. भोपळ्याचे देठाकडचे झाकण कापून काढले, की आतले बियांसकटचे ओलसर धागे मुठीने ओढून काढता येतात आणि लहान मुलालाही त्यावर डोळे-नाक कोरता येते. आज कार्यालयांत भोपळे कोरण्याच्या स्पर्धा होतात, त्यांच्यामागे ही साधी सोय आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र हॅलोवीन म्हणजे तरुण पोरांच्या उच्छादाची रात्र झाली होती. कुंपणांची फाटके उपटणे, खिडक्यांना साबण फासणे, गाड्या छपरांवर चढवून ठेवणे हे प्रकार गावोगावी चालत. मिनेसोटा राज्यातल्या अनोका या गावात एका सकाळी लोक उठले, तर मुख्य रस्त्यावर गाई हिंडत होत्या. गावकऱ्यांनी बंदी घातली नाही. १९२० मध्ये त्यांनी पोरांसाठी मिरवणूक काढली, खाऊ वाटला, शेकोटी पेटवली. आज हे गाव स्वतःला जगाची हॅलोवीन-राजधानी म्हणवते. त्याच काळात मॅसॅच्युसेट्समधली डेनिसन ही कंपनी क्रेप कागद विकत होती आणि त्या कागदाचे पोशाख, टोप्या, टेबलावरच्या झालरी कशा कराव्यात हे सांगणारी सचित्र पुस्तिका तिने १९०९ पासून काढली. काळ्या-नारिंगी रंगांची जी सजावट आज कार्यालयाच्या भिंतींवर दिसते, तिची ठेवण अशा पुस्तिकांनी रुजवली. उच्छादाला घरगुती मेजवानीचे रूप देण्यात त्यांचा वाटा मोठा होता, असे माझे मत आहे.

‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी सोसा, ही हाक १९२० च्या दशकात कॅनडातल्या वृत्तपत्रांत दिसते आणि पुढच्या दशकात अमेरिकेत पसरते. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग आले आणि ते १९४७ मध्ये उठल्यावर ही प्रथा घरोघरी पोहोचली. १९५० मध्ये फिलाडेल्फियातल्या एका पाद्री दांपत्याने मुलांच्या हाती दुधाचे रिकामे खोके देऊन युनिसेफसाठी नाणी गोळा करायला लावली. पहिल्या वर्षी १७ डॉलर जमले. पुढे ही मोहीम देशभर पसरली. कार्यालयातल्या हॅलोवीनला मदतनिधीची जोड देण्याची पद्धत आहे, तिचा हा एक जुना धागा.

प्रौढांनी हा सण मुलांकडून परत घेतला तो १९७० च्या दशकात. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये १९७४ साली एका मुखवटाकाराने शेजारपाजारची माणसे घेऊन मिरवणूक काढली, ती आज शहराच्या मोठ्या मिरवणुकांपैकी एक आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात समलिंगी समाजाने ही रात्र आपली केली. एरवी लपून राहावे लागणाऱ्या माणसांना वर्षातून एकदा हवे ते रूप घेऊन भर रस्त्यात हिंडता येई, आणि ज्याला आज आपण सर्वसमावेशक म्हणतो, त्याचा एक खरा आरंभ तिथे झाला. १९८२ च्या शरदात शिकागोच्या परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुलांमध्ये कोणीतरी सायनाइड मिसळले आणि सात जण मरण पावले. त्या वर्षी अनेक गावांनी मुलांच्या दारोदार फिरण्यावर निर्बंध घातले, आणि हॅलोवीन रस्त्यावरून मॉल, शाळा, चर्चची सभागृहे अशा ओळखीच्या छपरांखाली सरकू लागला. आईवडिलांचे कार्यालय हेही असेच एक छप्पर.

कार्यालयात वेष करून येणे शक्य झाले, कारण कार्यालयाचा पोशाखच सैल झाला. १९९२ मध्ये जीन्स बनवणाऱ्या लिव्हायस कंपनीने कामावर साधे कपडे कसे घालावेत हे सांगणारी पुस्तिका सुमारे २५,००० मनुष्यबळ व्यवस्थापकांना पाठवली. सूट-टायची सक्ती एकदा शुक्रवारी सुटली, की ऑक्टोबरच्या शेवटी चेटकिणीची टोपी घालायला फारशी आडकाठी उरत नाही.

अडचण इथूनच सुरू झाली. ३१ ऑक्टोबर २००७ रोजी अमेरिकेच्या स्थलांतर व सीमाशुल्क अंमलबजावणी विभागाच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयात निधी उभारण्यासाठी मेजवानी झाली. एक कर्मचारी कैद्याचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे, जटांचा टोप आणि चेहऱ्याला गडद रंग लावून आला, आणि विभागाच्या प्रमुख ज्यात होत्या त्या परीक्षक मंडळाने त्याच्या वेषाला नावीन्याची दाद दिली. काही दिवसांत प्रमुखांना माफी मागावी लागली. मला या प्रसंगात वेषाइतकीच ती दाद महत्त्वाची वाटते. त्या इमारतीत काम करणाऱ्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्याच्या दृष्टीने, ज्यांच्या हाती बढती आणि बदली, त्यांनीच ते गोड मानले होते. २०१८ मध्ये आयडाहो राज्यातल्या मिडलटन गावी एका प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांनी मेक्सिकन माणसांचे आणि अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या भिंतीचे वेष केले, छायाचित्रे शाळा-मंडळाच्या फेसबुक पानावर आली आणि चौदा कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवावे लागले. या दोन प्रसंगांच्या मधे, २०११ मध्ये, ओहायो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या एका छोट्या गटाने भित्तिपत्रके काढली होती. त्यांत एकेक विद्यार्थी आपल्या समाजाची टवाळी करणाऱ्या वेषाचे छायाचित्र हातात धरून उभा होता आणि सांगत होता की आम्ही एक संस्कृती आहोत, वेष नाही. आज अनेक कंपन्या ऑक्टोबरच्या मध्यावर वेषांबद्दल जी सूचना पाठवतात, तिचा आशय हाच असतो.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा. यहोवाचे साक्षीदार हा पंथ हॅलोवीन पाळत नाही, अनेक इव्हँजेलिकल ख्रिस्ती कुटुंबेही दूर राहतात. उलट विक्का या जादूटोणा आणि निसर्गपूजा मानणाऱ्या आधुनिक पंथाच्या अनुयायांसाठी हाच दिवस पवित्र आहे आणि नाकावर चामखीळ चिकटवलेली चेटकीण त्यांच्यातल्या काहींना खटकते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला धर्मावरून भेदभाव करता येत नाही आणि १९७२ च्या दुरुस्तीने धार्मिक आचरणासाठी वाजवी सोय करून देणेही त्याच्यावर आले. ही सोय नाकारायची, तर तिच्यामुळे धंद्यावर बराच मोठा भार पडतो हे दाखवावे लागेल, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रविवारी काम न करणाऱ्या एका टपाल कर्मचाऱ्याच्या खटल्यात स्पष्ट केले.

राहिला खाऊचा वाडगा. स्वागतकक्षाच्या टेबलावर ठेवलेल्या त्या वाडग्यात पिवळ्या-नारिंगी-पांढऱ्या दाण्यांची कँडी कॉर्न ही गोळी असते. तिच्यात सहसा जिलेटिन असते, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ. शाकाहारी मराठी माणूस, मुसलमान आणि ज्यू सहकारी, तिघेही आपापल्या कारणांनी वेष्टन उलटून बारीक अक्षरे वाचतात. शेजारच्या चॉकलेटात शेंगदाणे असतात आणि त्यांची ॲलर्जी असलेल्याला तो वाडगा जवळ नकोच असतो. टेनेसी राज्यातल्या एका स्थानिक गटाने दारात निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवण्याची कल्पना काढली आणि २०१४ पासून ती देशभर नेण्यात आली; या घरी खाण्याव्यतिरिक्तही काही भेट मिळेल, असा त्या रंगाचा अर्थ. पेन्सिली, चिकटचित्रे, छोट्या विजेऱ्या असा दुसरा वाडगा कार्यालयातही ठेवता येतो, आणि तो भरायला पहिल्यापेक्षा जास्त खर्च येत नाही.

२०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. गोव्यात त्या पहाटे नरकासुराच्या प्रतिमा जळत होत्या. अमेरिकेतल्या मराठी नोकरदारांसाठी अभ्यंगस्नान आणि कार्यालयातली वेषस्पर्धा एकाच गुरुवारी आली. पुण्या-मुंबईतल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांतही आता हॅलोवीनची सजावट होते. तिथे प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण सण कोणाच्याच घरचा नाही आणि नको म्हणणाऱ्याने कामात मन नसल्याची शंका ओढवून घेण्याची भीती अधिक आहे.

न्यूयॉर्कच्या उंच इमारतींमध्ये दारावरचा दिवा रस्त्यावरून दिसत नाही. म्हणून तिथे तळमजल्यावर एक यादी लावतात. ज्यांना मुले यायला हवी आहेत त्यांनी आपल्या घराचा क्रमांक लिहायचा. मुले ती यादी पाहून मजले चढतात, आणि जो क्रमांक तिच्यात नाही त्या दारावरून पुढे जातात.