भर समुद्रावरील हवेतील पाऱ्याचे मापन

किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रावरच्या हवेत पाऱ्याची वाफ किती आहे हे जहाजांवरील किंवा बेटांवरील उपकरणांनी मोजण्याची पद्धत. समुद्र बघायचा तर रात्रभराची रेल्वे पकडणाऱ्या नागपूरकराला हा विषय परका वाटेल, पण तो तसा नाही. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या दगडी कोळशात पारा अत्यल्प असतो. भट्टीत त्याची वाफ होते. काही भाग राखेत अडकतो, काही आसपास उतरतो. मूलद्रव्यरूपातला पारा मात्र काही महिने ते वर्षभर हवेत राहतो आणि पृथ्वीभर फिरतो. म्हणून धुराड्यांपासून दूरची हवा मोजावी लागते. उत्तर गोलार्धात तिच्यात दर घनमीटरला साधारण १.५ नॅनोग्रॅम (ग्रॅमचा अब्जावा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम) पारा भरतो, दक्षिणेत १ च्या आसपास. दक्षिण हिंदी महासागरातल्या ॲम्स्टरडॅम बेटावर अशी नोंद चालते.

इतका विरळ पारा धरायला सोने लागते. पाऱ्याचा थेंब लागला की अंगठी पांढरी पडते, हे इतवारीच्या सराफ्यातल्या कारागिराला सांगायला नको. उपकरणात मुद्दाम तेच घडवतात. मिनिटाला एक लिटर या वेगाने पाच मिनिटे हवा ओढली, तर सोन्याच्या सापळ्यात जेमतेम साडेसात पिकोग्रॅम (नॅनोग्रॅमचा हजारावा भाग म्हणजे एक पिकोग्रॅम) पारा जमतो. सापळा तापवून तो सोडवतात, आर्गॉन वायूबरोबर पुढे नेतात आणि २५३.७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात त्याची प्रतिदीप्ती, म्हणजे तो प्रकाश शोषून त्याने उलट टाकलेला प्रकाश, मोजतात. एक सापळा तापतो तेव्हा दुसरा हवा ओढत असतो. उपकरणाच्या पडताळणीसाठी द्रव पाऱ्यावरची संपृक्त वाफ बारीक सिरिंजने सोडतात. २० अंश सेल्सिअसला तिच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे १३ पिकोग्रॅम पारा असतो.

जहाजावर खरी डोकेदुखी स्वतःच्याच धुराची. हवा घेणाऱ्या नळीचे तोंड पुढे नाळेवर उंच बांधतात. वारा मागून आला, की तेवढ्या वेळच्या नोंदी सरळ बाद. ब्रोमीनमुळे तयार होणारा, पावसात उतरणारा ऑक्सिडीकृत (संयुगरूपातला) पारा मोजणे त्याहून अवघड. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचा लेप दिलेल्या नळ्या वापरत. ओझोन आणि दमटपणात त्या कमी पारा धरतात असे आढळले, त्यामुळे जुने आकडे जपूनच वाचावेत.

शिवाय समुद्र पारा नुसता गिळत नाही. पाण्यात उतरलेल्या पाऱ्याचा काही भाग ऊन आणि सूक्ष्मजीव पुन्हा वायुरूप करतात आणि तो वर सुटतो. एखाद्या पट्ट्यात आकडा चढला तर तो धुराड्याचा की लाटांचा, हे केवळ हवेवरून कळत नाही. म्हणून त्याच जागी पाण्यातला विरघळलेला पाराही मोजतात.